पाणी आलं का ओ तुमच्याकडं?

सोलापुरात अनोळखी माणसाने मला विचारलेला पहिला प्रश्न हा. १९९९ सालचा जून. नवऱ्याच्या बदलीमुळे चिपळूणहून इथे येऊन तीन दिवस झाले होते, निम्मे खोके अजून बांधलेलेच होते, आणि मी कोपऱ्यावरच्या दुकानात काडेपेटी आणायला गेले होते. शेजारी उभ्या असलेल्या बाईंनी वळून बघितलं आणि रोज भेटणाऱ्या माणसाला विचारावं तसं विचारलं, "पाणी आलं का ओ तुमच्याकडं?"

मला प्रश्नच कळला नाही. चिपळूणच्या जूनमध्ये पाणी सोडून दुसरं काही येत नाही. ते कौलांवरून येतं, अंगणातून येतं, कपाटातल्या कपड्यांना वास होऊन येतं. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. सोलापूरला सहाशेच्या आतबाहेर, तोही सगळा सप्टेंबरवर भरवसा ठेवून. मी गप्प राहिले, तसं त्याच बाईंनी समजावून सांगितलं: नळाला रोज पाणी नसतं, चार-पाच दिवसांनी सुटतं, प्रत्येक भागाचा दिवस वेगळा, वेळ वेगळी. तुमचा नळ कुठल्या लायनीवर आहे ते आधी बघा, पिंप घ्या, आणि घ्यायचंच तर झाकणाचं घ्या. मग काडेपेटीचे पैसे देऊन मी निघाले, त्याही निघाल्या. त्या बाई मला पुन्हा कधी दिसल्या नाहीत, निदान ओळखू आल्या नाहीत. पण पिंप मी त्याच संध्याकाळी आणलं. रात्री अडीच वाजता नळ सुसाट सुटला तेव्हा अख्खी गल्ली जागी होती, आणि त्या गल्लीत मीही होते.

हा प्रश्न मी नंतर किती जणांना विचारला असेल, मोजदाद नाही. उजनीहून, भीमेवरच्या टाकळीहून आणि हिप्परग्याच्या तलावातून या शहरात पाणी येतं, आणि ते कुठे अडलं, कुठली जलवाहिनी फुटली, कुणाकडे एक दिवस उशिरा सुटलं, हे भाजीवाल्यापासून डॉक्टरांच्या दवाखान्यातल्या बाकापर्यंत सगळीकडे बोललं जातं. इथे घराघरात मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी अशा चार भाषा आहेत. "नीरु बंता?" आणि "नीळ्ळु वच्चाया?" हे मला त्या भाषांमधलं दुसरं काहीही यायच्या आधी आलं. समोरच्याची भाषा कुठली हे कळायच्या आतच त्याचा नळ कुठल्या दिवशी येतो हे कळलेलं असे.

मला त्या प्रश्नाचं फार अप्रूप वाटतं, कारण तो तुम्ही कोण आहात हे विचारत नाही. कोकणात वाडीवर नवा माणूस आला की पहिला प्रश्न "कोणाकडचे तुम्ही?" उत्तर येईपर्यंत माणूस अंगणाच्या कडेला थांबतो. कोणाकडचे हे कळलं की मग पुढचं सगळं: पाणी, चहा, आग्रह, जेवूनच जा. त्यात माया खोटी नसते. पण आधी धागा जुळायला हवा. मी त्यातच वाढले. धागा नसलेल्या माणसाशी बोलायचं काय, आणि कशासाठी, हे मला तिशीपर्यंत ठाऊक नव्हतं. सोलापुरात माझं कुणीच कुणाकडचं नव्हतं. पाण्याने ती अट काढून टाकली.

पण मला इथे खरी बोलती केली ती पिठाच्या गिरणीने.

मी तांदळाच्या भाकरीची. उकड काढून, मऊ, पांढऱ्या भाकरीची. ज्वारी मी घाटावरच्या लोकांच्या डब्यात बघितली होती, एवढंच. इथे तांदळाची भाकरी करावी तर लोक विचारत, बरं नाही का? म्हणून मीही ज्वारी आणली, दुकानदाराने दिली ती, आणि डबा घेऊन अशोक चौकाच्या बाजूच्या एका गिरणीवर गेले. डब्यांची रांग होती. पहिल्या दिवशी मी डबा ठेवून रस्त्याकडे तोंड करून उभी राहिले.

माझ्या मागचा डबा निळ्या झाकणाचा होता. त्याची मालकीण माझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी असेल. तिने काही न बोलता माझ्या डब्याचं झाकण उघडलं, चार दाणे तळहातावर घेतले, एक दाताखाली फोडला आणि म्हणाली, "अम्मा, ही हायब्रीड दिलाय तुला. शाळू घ्यायचा. मालदांडी म्हणायचं दुकानात."

दुसऱ्याच्या डब्यात न विचारता हात घालणारं माणूस मी तोवर पाहिलेलं नव्हतं. राग यायला हवा होता, पण तिने तिच्या डब्यातले दाणे माझ्या हातावर ठेवले आणि मी ते बघतच राहिले. टपोरे, गोल, किंचित पिवळसर झाक असलेले, मोत्यासारखी चकाकी. माझे त्यांच्यापुढे खडूसारखे दिसत होते. मग रांग पुढे सरकेपर्यंत तिने मला ज्वारी शिकवली. पावसाळ्यातली वेगळी, रब्बीतली वेगळी. रब्बीची म्हणजे शाळू. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या ओलीवर काळ्या रानात पेरायची, पुढे वरचं पाणी जवळजवळ नाहीच, जमिनीतली ओल आणि थंडीतलं दव यांवर ती उभी राहते, फेब्रुवारी-मार्चमध्ये काढणी. सगळ्यात चांगली मंगळवेढ्याची. तेव्हा रांगेतल्या एका म्हाताऱ्या आजोबांनी मध्येच घातलं, "दामाजीच्या गावची." दुष्काळात बादशहाची धान्याची कोठारं लोकांना उघडून देणारे दामाजीपंत, ते याच मंगळवेढ्याचे. २०१६ साली मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाल्याची बातमी वाचली तेव्हा मला पेपर घेऊन थेट गिरणीवर जावंसं वाटलं होतं.

तिच्याकडून शिकलेल्या गोष्टी मी अजून पाळते. हरभऱ्याची डाळ दळून झाल्यावर लगेच आपला डबा लावू द्यायचा नाही. दगडात राहिलेलं बेसन पहिल्या मुठींत उतरतं. ज्वारीवर ज्वारी दळून घ्यायची. पीठ गरम असताना झाकण लावायचं नाही, वाफ धरते आणि पीठ आंबूस होतं. घरी नेऊन परातीत पसरायचं, निवलं की मग डब्यात. दगडाला नवी टाकी लावली असेल त्या दिवशी दळायचं नाही, भाकरीत कच लागते. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, आठ दिवसांपुरतंच दळायचं. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी जाते. ते थापताना कडेने चिरत जातं, हातावर घेतलं की मोडतं. "दाणा वर्षभर टिकतोय," ती म्हणायची, "पीठ न्हाई."

मी तिला अक्का म्हणत असे. सोलापुरात मोठ्या बाईला अक्का म्हटलं की ती तेलुगू आहे की कानडी की मराठी हे बघावं लागत नाही, तिन्हीकडे चालतं. ती मला अम्मा म्हणायची. तिच्या बोटांना तंबाखूचा वास असे, नखांच्या कडा पिवळ्या. एकदा रांग फारच लांब होती तेव्हा तिने सांगितलं की ती विड्या वळते. सकाळी कारखान्यात जाऊन तेंदूची पानं, तंबाखू आणि दोरा आणायचा, पानं भिजवायची, फर्म्याने कापायची, वळायच्या, दोरा बांधायचा, टोक मोडायचं. मजुरी हजार विड्यांवर. इथल्या पूर्वभागात अशा हजारो बायका आहेत, आणि पिढ्यान्‌पिढ्या मागावर बसलेली पद्मशाली घरंही याच भागातली. तिचा नवरा टॉवेलच्या कारखान्यात होता. सोलापुरी चादर मी लहानपणापासून पांघरलेली. तिच्यामागे कुणाचे तरी कान यंत्रमागाने बधिर होतात हे मला गिरणीच्या दारात कळलं. गिरणीच्या आवाजात आम्ही मोठ्याने बोलायचो, आणि ती म्हणायची, माझ्या नवऱ्याशी मी घरीपण अशीच बोलते.

नाव मी तिचं विचारलं नाही. तिनेही माझं नाही. आधी वाटलं राहून गेलं. पुढे वाटायला लागलं की आता विचारणं बरं दिसणार नाही. शेवटी लक्षात आलं की आमच्यात त्याची जागाच नाही. आठवड्यातून वीस मिनिटं, तीही कामाची. तिच्या घरी मी कधी गेले नाही, ती माझ्याकडे आली नाही. संक्रांतीला गड्ड्याच्या यात्रेत, सिद्धेश्वरांच्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीत, लाखभर माणसांत ती एकदा दुरून दिसली. तिने हात वर केला, मी केला. दोघी आपापल्या माणसांबरोबर पुढे गेलो.

एवढ्यावर काय होतं, असं माझी मुलगी विचारते. ती पुण्यात असते, तिला सगळं घरपोच येतं, आणि रांगेत उभं राहण्यात वाया जाणारा वेळ तिला खरोखर परवडत नाही. मी तिच्याशी वाद घालत नाही. पण मला जे सोलापूर माहीत आहे ते जवळजवळ सगळं असं रांगेत उभं राहून कळलेलं आहे. शेंगाची चटणी घेताना एका गिऱ्हाइकाने, दुकानदारासमोरच, मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की पुडी दाबून बघा. उखळात कुटलेली असेल तर तेल सुटून गोळा धरते, मिक्सरची असेल तर भुगा राहतो. बँकेत पासबुक छापून घ्यायच्या रांगेत लक्ष्मी-विष्णू मिलमधून निवृत्त झालेले एक काका भेटले. मिलच्या भोंग्यावर घरातली घड्याळं लावायचे, बायका कुकर लावायच्या, पोरं शाळेला निघायची, हे ते सांगत होते. "मिल बंद झाली तेव्हा पगार गेला त्याचं दुःख होतंच," ते म्हणाले, "पण सकाळी भोंगा नाही झाला, तर किती वाजले तेच कळेना." तेवढ्यात त्यांचा नंबर आला.

आणि एक रिक्षावाले. मी नवीन होते, "चार पुतळ्यांपाशी सोडा" म्हणाले, तर त्यांनी आरशातून बघत विचारलं, चार कोण, माहितंय का? मला माहीत नव्हतं. त्यांनी एका दमात सांगितलं: मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १९३० च्या मे महिन्यात सोलापूर इंग्रजांविरुद्ध उठलं, इथे लष्करी कायदा लागला, आणि १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात या चौघांना फाशी दिलं. चार नावं, चार वेगळ्या घरांतली, चारही सोलापूरची. शाळेच्या इतिहासात हे मी कुठेतरी वाचलं असणारच. पण ती नावं मला पाठ झाली ती त्या रिक्षात. उतरताना सुट्टे नव्हते, तर ते म्हणाले, ऱ्हाऊ द्या ओ, परत भेटलाव की द्या. आम्ही परत भेटलो नाही. ते तीन रुपये माझ्याकडे राहिले आहेत.

सगळंच असं नव्हतं, ते सांगायला हवं.

एका कार्यालयात दाखल्यासाठी बायकांची रांग होती, पावसाळी उकाडा, पंखा बंद. एक मुलगी, विशीतली, नवी नोकरी लागलेली, फार छान बोलत होती. कागदपत्रं कुठली लागतात, झेरॉक्स कुठे स्वस्त आहे, साहेब किती वाजता जेवायला उठतात. सगळ्या तिच्याभोवती गोळा झाल्या होत्या. मग एकीने, अगदी प्रेमाने, विचारलं, "आडनाव काय ग तुझं?" मुलीने गावाचं नाव सांगितलं. बाई म्हणाली, गाव नाही, आडनाव. मुलगी क्षणभर थांबली आणि तिने आडनाव सांगितलं. कुणी काही वाईट बोललं नाही. कुणी काहीच बोललं नाही. विचारणारी बाई आपली पिशवी नीट करू लागली, दुसरीला फोन आठवला, आणि ती मुलगी हातातल्या कागदांकडे बघत राहिली. तिचं बोलणं दोन मिनिटांपूर्वी सगळ्यांच्या उपयोगी पडत होतं.

मीही काही बोलले नाही. मला त्या मुलीला पुढचं काहीतरी विचारता आलं असतं, दाखल्याचं, झेरॉक्सचं, काहीही. शब्द तोंडाशी होते. रांग सरकली आणि मी सरकले. इतकी वर्षं झाली, अजून ते मनातून जात नाही. "तुम्ही कुठले?" हा आपल्याकडचा सगळ्यात मायेचा प्रश्न आहे, असं मी मानत आले होते. तो मायेचा असतोही. पण उत्तर सांगताना ज्याला घाम फुटत नाही त्यालाच तो मायेचा वाटतो, हे मला त्या दिवशी कळलं. तेव्हापासून अनोळखी माणसाला मी आडनाव विचारत नाही, "तुम्ही कुठले?" हेही विचारत नाही. त्याच्या हातात काय आहे ते विचारते. ही भाजी कुठे मिळाली, हे औषध कितीला पडलं, या फॉर्मवर फोटो चिकटवायचा की स्टेपल करायचा. माणसाला स्वतःबद्दल सांगायचं असेल तर तो भाजीवरूनही सांगतो. नसेल सांगायचं तर भाजीचा भाव सांगून मोकळा होतो, आणि दोघांचाही मान राहतो.

अक्काने माझ्या डब्याचं झाकण उघडलं होतं. मला काही विचारलं नव्हतं. ते मला फार उशिरा समजलं.

आता गिरणीत मालकाचा मुलगा बसतो. क्यूआर कोड आहे, पैसे गेले की खोक्यातून बाई बोलते, इतके रुपये मिळाले म्हणून. सोय आहे, मीही तसेच देते. पण पूर्वी सुट्ट्या पैशांवरून केवढं बोलणं व्हायचं ते आठवतं. "ताई, पाच आहेत का?" असं विचारत नोट रांगेच्या शेवटपर्यंत जायची आणि सुटी होऊन परत यायची, आणि तोवर चार जणींची चार वाक्यं झालेली असायची. ज्याच्याकडे पाचाची नाणी सापडत तो रांगेतला मोठा माणूस. आता कुणाचंच कुणावाचून अडत नाही. बोलणं अडण्यातून सुरू होत होतं, हे अडणं संपल्यावर दिसलं.

२०२० च्या टाळेबंदीत गिरणीवर थांबायचंच नाही असं ठरलं. खडूचे गोल, डबा ठेवायचा, निघून जायचं, दोन तासांनी न्यायला यायचं. निळ्या झाकणाचा डबा मी दोन-तीनदा रांगेत पाहिला, बाजूला अक्का नव्हती. मग डबाही दिसेना. त्या दोन वर्षांत पूर्वभागातून येणाऱ्या बातम्या चांगल्या नव्हत्या. मी विचारलं नाही. विचारणार तरी काय? नाव माहीत नाही, घर माहीत नाही, फोन नाही. वीस वर्षं जिच्याशी दर आठवड्याला बोलले तिची चौकशी करायला माझ्याकडे एक शब्द नव्हता. आणि खरं सांगायचं तर, उत्तराची भीती वाटत होती. कितीतरी महिने मी डबा ठेवायची, मुलाकडे बघायची, आणि निघून यायची.

गेल्या वर्षी संक्रांतीच्या आधी गिरणीत मी एकटीच होते. मोटर बंद होती, तो कुंच्याने दगडाभोवतीचं पीठ झाडत होता. मी म्हटलं, "अरे, निळ्या झाकणाचा डबा होता बघ. एक अक्का यायच्या."

त्याने मान वर केली नाही. "लक्षुंबाई व्हय? विडीवाल्या?"

तिचं नाव मला असं कळलं.

"त्या गेल्या की भिवंडीला. पोरगा हाय तिथं, मागावर. लॉकडाऊन उठल्या उठल्या गेल्या."

"बऱ्या आहेत ना?"

"बऱ्या हायेत. मधी फोन आल्ता बाबांना." त्याने कुंचा आपटून झटकला. "जाताना इथं आल्त्या. मी म्हटलं, अक्का, दळून देतो दहा किलो, तिकडं मिळती न मिळती. तर न्हाई म्हटल्या. पीठ न्हाई नेलं. ज्वारीच नेली, पोतंभर."

मी डब्याचं झाकण काढून त्याच्या हातात दिलं, आणि तो मोटर चालू करायला गेला.